चार दिवस टिकलेला गुलाबी रंग

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतल्या बाटल्या, रंगांचा तक्ता, आकड्यांची लाल वही, सगळं जागच्या जागी होतं. नव्हती ती फक्त उंदरांची रोजवही.

ही गोष्ट उघडकीला आली ती पाच जुलै दोन हजार चार रोजी, हिंगोलीच्या एका खाजगी कॉलेजात, आणि तीही विद्यापीठाच्या चौकशी समितीदेखत. समितीनं वही मागितली. ती वही लिहिणारी संशोधक विद्यार्थिनी करुणा पाईकराव किल्ली घेऊन आतल्या खोलीत गेली, बराच वेळ आलीच नाही, आणि आली ती मोकळ्या हातानं. समितीतल्या तिन्ही प्रोफेसरांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल त्या पाहण्यातच लागला होता. कागदावर यायला त्याला तीन आठवडे लागले एवढंच.

तो कागद हट्ट्याला, करुणाच्या गावी, आला तेव्हा करुणाच्या आईनं, केशरबाईनं, पदरात बांधून थेट शेषराव खिल्लारे गुरुजींची ओसरी गाठली. गुरुजी एकाहत्तर वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. दुपारी त्यांच्या ओसरीवर दहा-बारा पोरं असायचीच. त्या दिवशी ती भिजवलेल्या मुगाचे मोड फूटपट्टीनं मोजत होती.

केशरबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "गुरुजी, वाचा."

गुरुजींनी वाचलं. 'संशोधक विद्यार्थिनीने सादर केलेली मोजमापे प्रत्यक्ष प्रयोग न करता लिहिली असल्याचा दाट संशय आहे. सोळा ऑगस्टच्या सुनावणीत समाधानकारक खुलासा न झाल्यास नोंदणी रद्द करण्यात येईल.'

"काय म्हणून राहिले ते?"

"म्हणतात, तिनं आकडे घरी बसून लिहिले."

केशरबाई खाली बसली. "दहावीला तुमीच आले हुते घरी. म्हणले, केशरबाई, हिला निंदायला नेऊ नका, शिकवा. शिकवली. आता गावात लोक इचारून राहिले, पोरीनं काय चोरलं म्हणून. पाच दिस झाले घरी येऊन, ताटात भाकर मोडून ठेवती अन् तशीच उठती. आता तुमीच सांगा."

गुरुजींनी पोरांना मोड झाकून ठेवायला सांगितलं आणि चपला घातल्या.

करुणा घरी बापाच्या बाजेजवळ बसली होती. "जयभीम, गुरुजी," म्हणून उठली. दंड बारीक झाले होते, डोळे मात्र कोरडे होते.

"एकच विचारतो. आकडे खरे होते?"

"जेवढे मोजले तेवढेच लिहिले."

"मग वही कोणी नेली असेल?"

"ते न्हाई माहीत." तिनं बापाची गोधडी सारखी केली. "पण चोरानं चुकीची वही नेली, गुरुजी. मला बुडवायचंच होतं, तर आकड्यांची लाल वही न्यायची. ती तर तिथंच ठेवली."

२

गुरुजींनी कोपऱ्यातला पाट ओढून घेतला. "मला पोरांना सांगतात तसं सांग. पहिल्यापासून."

बाजेवर भीमराज पडून होता. करुणाचा बाप. सात वर्षांपूर्वी शेतात चालता चालता कोसळला. आधी वसमतला नेला, तिथून नांदेडला, आणि डॉक्टरनं पाहिलं तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. डॉक्टर 'उशीर झाला' एवढंच म्हणाले. उजवं अंग गेलं, जीभ गेली. ऐकू मात्र सगळं यायचं. त्या 'उशीर झाला'चा छडा लावायचा म्हणून करुणा शिकत गेली होती.

"मेंदूचं रक्त अडलं," करुणा सांगू लागली, "की तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार करतात. थोडा असला तर कामाचा, फार झाला तर त्याच पेशींना मारतो. तो किती तयार होतो, हे जित्या मेंदूत मोजायचं. मेल्यावर मोजून उपयोग न्हाई."

"कसं मोजता?"

"वायू पाच-सहा सेकंदांत विरतो, हाती लागत न्हाई. पण मागं नायट्रेट नावाचा क्षार ठेवून जातो."

"म्हणजे ओल्या पायानं माणूस ओसरीवरून गेला. माणूस दिसला नाही, पावलं दिसली."

"बराबर. आमी पावलं मोजतो." कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "उंदराला गुंगी देऊन मेंदूत केसाएवढी नळी बसवायची. तिच्यातून मिठाचं पाणी हळूहळू सोडायचं. ते मेंदूला भिजून परत येतं, अर्ध्या तासात दोन-चार थेंब. त्यात रंगाचं औषध घातलं की गुलाबी होतं. जितकं गडद, तितका वायू."

तिनं उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाला नुसती नळी. दुसऱ्या गटाची गळ्यातली रक्तवाहिनी वीस मिनिटं चिमट्यानं दाबायची, सोडायची, आणि गळा शिवायचा. या दुसऱ्या गटात गुलाबी रंग तिप्पट गडद आला. आणि तो एक-दोन तास नव्हे, चार दिवस टिकला. जगात कोणाला चार दिवस दिसला नव्हता.

"चार दिवस," केशरबाई दारातून म्हणाली. ही गोष्ट तिनं पुष्कळदा ऐकली असावी.

"व्हय आये. चार दिवस विष तयार होतं, म्हंजी चार दिवस ते थांबवायला जागा आहे. आबाला आपण दुसऱ्या दिवशी नेलं. उशीर झाला नव्हता. औषध शोधलं तर खेड्यातल्या माणसाला उशीर होणारच न्हाई."

भीमराजचा डावा हात गोधडीवर हळूच सरकला.

"अन् समितीनं काय पाहिलं?"

"त्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत तेच केलं. रंग तासभर चढला अन् उतरला." तिनं मान खाली घातली. "खरं सांगू? एप्रिलपासून माझापण येईना गेला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बावीस उंदरांत आला. एप्रिलपासून एकातही न्हाई. हात तोच, औषध तेच. मला वाटलं, माझा हात गेला. भ्याले, कोणाला सांगितलं न्हाई."

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गुरुजी हिंगोलीला उतरले. मोंढ्यातल्या बाजाराकडून हळदीचा वास येत होता. तो अंगावर घेतच ते कॉलेजात पोचले.

करुणाचे मार्गदर्शक डॉ. व्यंकटराव बोंढारे यांनी उठून खुर्ची दिली. मोठ्या शहरातली नोकरी सोडून ते गावाकडे आले होते. जुन्या घड्याळाच्या मोटारीवर चालणारा पंप त्यांनीच जुळवला होता. माणूस कर्तबगार, यात शंका नव्हती.

"मुलगी हुशार आहे, गुरुजी. घाई नडली. मला तिचा राग नाही. मे महिन्यात आमच्या दोघांच्या नावानं लेख पाठवला होता, त्यावर शंका निघाली, समिती आली, आणि तो मी मागं घेतला. आणखी काय करू?"

"रोजवही कुठं गेली असेल?"

"ती असती तर सापडली असती. रोज उंदीर तोलले, रोज खाद्य मोजलं, हे सगळं खरंच केलं होतं का, हाच तर प्रश्न आहे."

"तुम्ही वही पाहत नव्हता?"

"आकडे पाहायचो. उंदीरघरात मी पाय ठेवत नाही. दमा आहे मला. त्या वासानं छाती भरते. दोन वर्षांत गेलोच नाही." ते खिन्न हसले. "म्हणूनच तर फसलो."

किल्ल्या तीन होत्या. एक करुणाकडे, एक सरांकडे, तिसरी शिपाई मुंजाजीच्या खोलीत खिळ्याला. म्हणजे कोणीही उघडावं असं ते कपाट होतं.

चहा घेऊन गुरुजी बाहेर पडले. लायब्ररीच्या पायरीवर एक म्हातारी झाडत होती. त्यांना पाहून तिनं झाडू खाली ठेवला.

"करुणाचे गुरुजी का तुमी? हट्ट्याचे?"

"हो. तुम्ही?"

"मी भिकाबाई. आदी उंदरायच्या खोलीत हुते, पाडव्यापसून हितं झाडून राहिले." ती जवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "पोरगी जेवती का?"

"नाही हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया काहून पाह्यजे? पाच तारखेला ह्याच पायरीवर बसली हुती. डबा दिला तर म्हणं, मावशी, गळ्याखाली उतरत न्हाई."

गुरुजींनी मान हलवली आणि पुढं गेले. चौकशीचं कोडं त्या पायरीवरच उलगडून पडलेलं होतं. त्यांनी ते ओलांडलं.

४

प्रियंका जाधव त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या विषयावर काम करत होती. करुणाशी तिचं पटत नाही, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो, दोन जुलैला मीच मुंजाजींकडून किल्ली घेतली," ती म्हणाली. "रंगाची बाटली काढायला. रोजवही नेऊन मी काय तिचं लोणचं घालू?"

"तेव्हा वही होती?"

ती विचारात पडली. "नव्हती. बाटली वह्यांच्या मागं असायची. त्या दिवशी हात घातला तर लगेच लागली. वही कायम मधे यायची."

"हे समितीला सांगितलं?"

"मला विचारलं कोणी? अन् सांगून काय, संशय माझ्यावरच आला असता. सगळे म्हणतातच, ही जळते तिच्यावर." टेबलावरचा पुसलेला कप तिनं पुन्हा पुसला. "जळते, गुरुजी. तिच्यासारखा हात माझा नाही. पण तिनं खोटं लिहिलं असेल असं मला एक दिवस वाटलं नाही."

मुंजाजी पोक्त माणूस. वर्षानुवर्षं काचेची भांडी धुवून बोटं पांढरी पडलेली. गुरुजींनी त्याला वहीबद्दल विचारलं, त्याला काही सांगता येईना. मग त्यांनी पाण्याबद्दल विचारलं.

"उकळून वाफेचं पाणी करतो," मुंजाजी म्हणाला. "बाटलीवर चिठ्ठी लावतो. तेच भांड्याला, तेच औषधाला."

"आणि लाईट गेल्यावर?"

मुंजाजी धुतलेलंच भांडं पुन्हा धुऊ लागला. हिंगोलीत तेव्हा दिवसाचे सहा-सात तास लाईट नसायची.

"मुंजाजी, मी कोणाला सांगायला आलो नाही."

"एखांद्या टायमाला," तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "बोअरचं भरून ठेवलं. दिसायला सारखंच असतं की."

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. कॉलेजच्या तिन्ही बाजूंनी हळदीची रानं होती. हळदीला युरियाचा मारा. पावसानं तो जमिनीत मुरणार, बोअरमध्ये उतरणार, आणि तिथं त्याचं नायट्रेट झालेलं असणार. म्हणजे गुलाबी रंग उंदराच्या मेंदूचा नव्हताच. तो बोअरचा होता.

परतीच्या एस.टी.त बसेपर्यंत त्यांना वाटत होतं, कोडं सुटलं.

५

"न्हाई, गुरुजी," करुणा म्हणाली.

तिनं एवढ्या शांतपणे म्हटलं की गुरुजी वरमले.

"पाणी दोन्ही गटांना एकच होतं. बोअरचं असतं तर नुसत्या नळीच्या उंदरांचापण रंग चढला असता. चढला फक्त गळा शिवलेल्यांचा."

"चूक झाली माझी." ओसरीवरचं पोरगं चुकलं की ते म्हणायचे, तसं ते स्वतःलाच म्हणाले, "पुन्हा कर." मग करुणाला विचारलं, "चोरानं कोणती वही नेली?"

"रोजवही."

"तिच्यात काय काय होतं?"

"तारीख. उंदराचा नंबर. वजन. टाकलेलं खाद्य, उरलेलं खाद्य."

"बाकी काही नाही? मग चोराला भीती वजनाची होती, नाहीतर खाद्याची. गळा शिवलेले उंदीर कसे खायचे?"

"अर्धंच. गोळ्या कडक असतात, त्यांना गिळायला तकलीफ व्हायची."

"आणि वजन?"

करुणा उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

"वजन उतरत नव्हतं," ती म्हणाली. "मार्चमध्ये मी सरांना दाखवलंपण. अर्धं खातात अन् वजन उतरत न्हाई, असं काहून. ते म्हणले, वही ठेवून जा, पाहतो. दुसऱ्या दिवशी वापस दिली. म्हणले, टाक्यांची सूज असेल."

"अर्धं खाऊन ज्याचं वजन उतरत नाही, त्याला उरलेलं अर्धं कोणीतरी घालतं. उंदीरघरात कोण असायचं?"

"भिकामावशी."

"आणि तिला तिथून कधी हलवलं?"

करुणाला तारीख आठवेना. गुरुजींना आठवली. पाडव्यापसून हितं झाडून राहिले. त्या वर्षी गुढीपाडवा एकवीस मार्चला होता. आणि एप्रिलपासून करुणाचा हात गेला होता.

६

भिकाबाई लायब्ररीच्या मागं बसून मेथी निवडत होती. कवळी पानं एकीकडं, जून काड्या एकीकडं.

"बसा की गुरुजी. पोरगी जेवली का?"

"अजून नाही. भिकाबाई, त्या गळा शिवलेल्या उंदरांना तुम्ही काही घालत होता का?"

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला.

"मंग? गळ्याला टाके, अन् समूर त्या कोरड्या खटखट गोळ्या. कसं गिळावं लेकरानं? बाळंतीन असो का आजारी असो, मऊच घालतेत मानसं. सकाळी रोज मूठभर मेथी न्यायची. हळदीच्या कडंला पेरलेली असती, युरिया खाऊन लई कवळी निघती. बारीक खुडून, पान्यात मऊ करून, भाकरीच्या चुऱ्यात कालवून पिंजऱ्यात चिमूट चिमूट."

"सगळ्यांना?"

"सगळ्यायला काहून? ज्यायचा गळा धड हाय ते खातेत की गोळ्या. फकस्त टाक्यावाल्यायला. चार दिस. टाके सुकले की बंद."

गुरुजींनी डोळे मिटले. चार दिवस.

"करुणाला हे ठाऊक होतं?"

"न्हाई बा. ती यायच्या आदी मी पिंजरे साफ करून घ्यायची. ती म्हणली असती, मावशी, नेमाबाहेर हाय. तिचा नेम लई कडक."

"कोणीच पाहिलं नाही कधी?"

"मोठ्या सायबानं, बोंढारे सायबानं, पाह्यलं एकडाव. पाडव्याच्या आदल्या दिशी. नाकाला रुमाल लावून आले, पिंजऱ्यातली मेथी उचलली, वास घेतला. मला वाटलं आता रागं भरतेत. कायबी बोलले न्हाईत. पाडवा झाल्यावर मला हितं धाडलं."

दोन वर्षांत पाय ठेवला नाही, म्हणाले होते बोंढारे सर.

"गुरुजी," भिकाबाईनं विचारलं, "माझ्या हातून काही वंगाळ झालं का?"

गुरुजी म्हणाले, "मला जरा मूठभर मेथी द्या."

७

रविवारी हट्ट्याच्या शाळेची प्रयोगशाळा रिकामी होती. करुणानं घरून रंगाच्या औषधाच्या दोन तपकिरी बाटल्या आणल्या. गुरुजींनी कपाटातून जस्ताची भुकटी काढली. नायट्रेट नुसतं रंगत नाही, आधी त्याचा एक पदर उतरवावा लागतो. ते काम जस्त करतं.

तीन परीक्षानळ्या मांडल्या. पहिलीत शुद्ध पाणी. दुसरीत उंदरांच्या गोळ्यांचा अर्क. तिसरीत भिकाबाईच्या मेथीचा, दिसेल न दिसेल इतका पातळ केलेला. पोरांना प्रयोग दाखवताना गुरुजी नेहमी विचारायचे, काय होईल सांगा. आज त्यांनी विचारलं नाही.

पहिली नळी तशीच राहिली. दुसरी जेमतेम लाजल्यासारखी झाली.

तिसरीच्या तळाशी आधी एक धागा उठला. मग तो पसरत गेला, आणि बघता बघता नळी काठापर्यंत गर्द गुलाबी झाली.

करुणानं ती उजेडाकडं धरली. किती तरी वेळ धरली.

"हाच," ती म्हणाली. "हाच रंग."

"भाजी पोटात, पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत," गुरुजी हळू म्हणाले. "पावलं खरी होती, बाळा. माणूस दुसराच होता. तू खोटं लिहिलं नाहीस."

"न्हाई लिहिलं," ती म्हणाली. "अन् शोधलंपण काही न्हाई."

गुरुजींना तेव्हा कळलं, आपण काय सिद्ध केलं ते. तिचं इमान आणि तिचा शोध एकाच नळीत होते. एक वाचवायचं तर दुसरं ओतून द्यावं लागत होतं.

"मी सरांना म्हणले होते," ती नळीकडं पाहतच बोलत होती, "नुसत्या नळीच्या गटाचापण गळा कापू अन् नुसता शिवू. वाहिनी दाबायची न्हाई. म्हंजी दोन्ही गट बराबर होतील. ते म्हणले, तेवढे उंदीर कुठून आणायचे. तसं केलं असतं तर मावशीनं दोघांनाही मेथी घातली असती. अन् पहिल्या आठवड्यातच कळलं असतं."

तिनं नळी उपडी केली. मोरीत गुलाबी ओघळ गेला आणि पाण्यानं धुऊन गेला.

"समितीचं बरोबर होतं. तासभरच असतं ते. आबाला उशीरच झाला होता."

८

बोंढारे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही.

"तुम्ही म्हणालात उंदीरघरात पाय ठेवला नाही," गुरुजी म्हणाले. "पण पाडव्याच्या आदल्या दिवशी तिथं होतात. आदल्या आठवड्यात करुणानं वजनाचं कोडं तुमच्यापुढं ठेवलं, ते तुम्हाला वही वाचून तिच्या आधी सुटलं. तुम्ही बाईला हलवलं. नंतर एकाही उंदरात रंग आला नाही, ते तुम्हाला दिसलं. तरी मे महिन्यात लेख पाठवलात. समिती यायची ठरली तेव्हा धोका एकाच वहीत होता. आकड्यांच्या वहीत नाही, उंदीर किती जेवले त्या वहीत. दोन जुलैच्या आधीच ती गेली होती, ते प्रियंकाच्या हाताला कळलंय. लाल वही दडवायचं तुम्हाला कारणच नव्हतं. त्यातले आकडे जितके खोटे दिसतील तितकं बरं."

"बरं का असेल?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं असं वाटलं.

"विद्यार्थिनीनं फसवलं, तर मार्गदर्शक बिचारा. उंदरांना कोण काय घालतं हे दोन वर्षं पाहिलं नाही, आणि पाहिल्यावर झाकलं, तर मार्गदर्शक गुन्हेगार."

सर खिडकीशी गेले. "गुरुजी, या गावात अशी प्रयोगशाळा पुन्हा उभी राहणार नाही. माझ्या नावाला डाग लागला तर ती महिन्याभरात बंद पडेल. मुलीच्या नावाला लागला तर एक नोंदणी रद्द होईल."

"वही कुठं आहे?"

"नाही आता."

"मग हे सगळं मी समितीला सांगेन. भिकाबाई सांगेल."

"सांगा," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती. "पण कोणती भिकाबाई?"

९

सोळा ऑगस्टला गुरुजींनी समितीपुढं भिकाबाईच्या अंगठ्याचा जबाब ठेवला, मेथीचा प्रयोग सांगितला, प्रियंकाही आपणहून येऊन बोलली. समितीनं ऐकून घेतलं. मग कॉलेजचं पत्र वाचलं. उंदीरघरात भिकाबाई नावाची कोणी कधी नव्हती. रोजंदारीच्या हजेरीपटावर ती पहिल्यापासून बागकामाला होती. जागा कुठलीही असो, बायांची हजेरी बागेतच लावायची पद्धत होती, आणि ती पद्धत कागदावर कुठंच नव्हती.

"रोजवही असती तर गोष्ट वेगळी," अध्यक्ष म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "तशीही, गुरुजी, मोजमापं चुकीची होती हे तुम्हीच सिद्ध केलंत."

नोंदणी रद्द झाली. कारणाच्या रकान्यात पहिल्या पत्रातलंच कायम राहिलं: 'प्रत्यक्ष प्रयोग न करता लिहिलेली मोजमापे.'

पुढच्या गुरुवारी दुपारी भिकाबाई एस.टी.नं हट्ट्याला आली. करुणाचं घर विचारत विचारत आली. गुरुजी तिथंच बसले होते. तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला डबा काढला.

"म्हणलं पोरीच्या गळ्याखाली कोरडं उतरत नसंल. मऊ भाजी आनली. कवळी हाय, सकाळीच खुडली."

डबा उघडला तशी मेथीची वाफ वर आली. केशरबाईनं भाकर आणली, भिकाबाईनं ती चुरून भाजीत कालवली आणि ताट करुणापुढं सरकवलं.

मग ती गुरुजींकडं वळली. "माझा अंगठा आला का हो कामाला?"

आयुष्यभरात गुरुजींनी पोरांचं चुकलेलं उत्तर कधी बरोबर म्हटलं नव्हतं. करुणाला ते ठाऊक होतं. ती त्यांच्याकडंच पाहत होती.

"आला," गुरुजी म्हणाले.

"मंग झालं," भिकाबाई म्हणाली. "आता खा गं माय."

करुणानं ताटाकडं पाहिलं. मग पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट पुसून घेईपर्यंत मान वर केली नाही. चार दिवसांची गोष्ट आता घरात कोणी काढत नव्हतं. बाजेवर भीमराजनं तोंड भिंतीकडं वळवलं.